काजळीची गाळणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या वर्षीच्या मेळाव्यात आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्याच निवडीवर सोपविला. निवृत्त शिक्षकाकडून श्रोत्यांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मय, मुलांवरील संस्कार किंवा मातृभाषेचे महत्त्व अशा एखाद्या विषयाची असते. हे विषय थोर आहेत आणि या व्यासपीठावरून आमच्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी त्यांचे विवेचन केलेले आहे. आमचा आजचा विषय मात्र धुराचा, तेलाचा आणि काजळीचा आहे. डिझेलवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी जी गाळणी बसविलेली असते, ती वारंवार का तुंबते आणि तुंबल्यास काय करावे, हा तो विषय होय. गॅरेजमध्ये हिला ‘डीपीएफ’ म्हणतात. आम्ही तिला काजळीची गाळणी म्हणू.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळेत गेली. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमचे जुने विद्यार्थी गाडीबरोबर मिळालेली इंग्रजी पुस्तिका घेऊन घरी येऊ लागले आणि “गुरुजी, यात काय लिहिले आहे ते सांगा” असे म्हणू लागले. त्या पुस्तिका वाचून दाखविता दाखविता, आणि गॅरेजच्या बाकावर बसून मिस्त्रीमंडळींना प्रश्न विचारता विचारता, जे आमच्या ध्यानात आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

हा विषय ज्ञातीच्या मेळाव्यात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचा मुंबईच्या गिरण्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक कुटुंबांचा मुंबईतील आधार सुटला. परतलेल्यांपैकी काहींनी शेती धरली, काही महाडच्या औद्योगिक वसाहतीत लागले, आणि काहींनी स्टिअरिंग हाती घेतले. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण पिकअप, जीप, टेम्पो किंवा शाळेची गाडी चालवून संसार करीत आहेत. गाडी बहुधा कर्जाची असते. हप्त्याची तारीख ठरलेली असते. ती अमावास्या पाहत नाही की पावसाळा पाहत नाही. अशा घरात गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर किराण्यापासून मुलांच्या फीपर्यंत सर्वच गणित चुकते. आणि या गाळणीच्या पायी चार चार दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नवी गाळणी बसवावयाची झाल्यास खर्च पुष्कळदा लाखाच्या घरात जातो. सबब हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही, तो घरातील प्रत्येकाचा आहे.

प्रथम काजळी म्हणजे काय ते पाहू. ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले त्यांस हे फार सांगावयास नको. वात अधिक वर केली किंवा तिचे टोक वेडेवाकडे जळले, की ज्योत लांबते, पिवळी होते आणि काच घटकेत काळी पडते. रॉकेल तेच असते, काचही तीच असते. ज्योतीस जितकी हवा हवी तितकी मिळत नाही, म्हणून तेलातील कार्बन पुरता जळत नाही आणि तोच काजळी होऊन काचेवर बसतो. अशा वेळी जुनी माणसे सांगत की आधी वात कापा, मग काच पुसा. वात न कापता काच कितीही पुसली तरी ती पुन्हा काळी होणारच. आजच्या आमच्या सर्व विवेचनाचे सार या एका गोष्टीत आहे.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनीअरने १८९२ साली आपल्या इंजिनाच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला आणि १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. येथे हवा इतकी दाबली जाते की तीच तापते आणि त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडताच तो पेट घेतो. फवाऱ्याच्या कडेस हवा भरपूर मिळते, पण गाभ्यात, जेथे तेल दाट असते, तेथे ती कमी पडते. तेथेच काजळी जन्मते. इंजिन उत्तम स्थितीत असले तरी थोडी काजळी होणारच. इंजिनात बिघाड असला तर ती अनेक पटींनी वाढते.

ही काजळी पूर्वी सायलेन्सरमधून सरळ बाहेर पडत असे. घाट चढणाऱ्या मालगाडीमागून पायी चाललेल्या माणसाचा सदरा काळा होई. तिचे बहुतेक कण एका मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान असतात. म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीवर असे शेकडो कण ओळीने बसतील. नाकातील केसांना आणि घशाला ते दाद देत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. आपल्या आया आणि आज्या चुलीच्या धुरात आयुष्यभर खोकत राहिल्या. तो धूर घराबाहेर काढण्यास आपल्याला कित्येक पिढ्या लागल्या. रस्त्यावरचा धूरही त्याच जातीचा आहे.

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधी ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले. मधला पाचवा टप्पा वगळून आपण चौथ्यावरून एकदम सहाव्यावर गेलो. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणले गेले. डिझेल मोटारगाडीने एका किलोमीटरमागे किती काजळीकण सोडावेत याची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. इतकी कडक मर्यादा पाळण्यासाठी डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी बसविणे भाग पडले. फ्रान्समधील प्यूजो कंपनीने आपल्या ‘६०७’ या मोटारीत २००० साली अशी गाळणी बसविली होती. आपल्या घाटांत ती त्यानंतर वीस वर्षांनी येऊन पोहोचली.

गाळणीची रचना मोठी कौतुकाची आहे. एका धातूच्या डब्यात मातीच्या भांड्यासारख्या, परंतु अतिशय उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचे एक पोळे असते. मधाच्या पोळ्याप्रमाणे त्यात शेकडो बारीक नळ्या असतात. एका नळीचे तोंड पुढून बंद, तिच्या शेजारणीचे मागून बंद. त्यामुळे आत शिरलेल्या धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून गाळून शेजारच्या नळीत जावे लागते. वायू पलीकडे जातो, काजळी भिंतीवर राहते. गाळणी आहे म्हणजे ती भरणार हे उघड आहे. चहाची गाळणी आपण झटकतो. ही गाळणी झटकता येत नाही, ती आतल्या आत जाळून साफ करावी लागते.

हे जाळणे दोन प्रकारांनी होते. गाडी ओझे घेऊन एकसारखी चालली म्हणजे धूर पुरेसा तापतो आणि साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस उष्णतेत काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. चालकास त्याचा पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागले नाही तर इंजिनाचा संगणक पुढाकार घेतो. तो ठरल्या वेळेनंतर थोडे अधिक डिझेल सोडतो, ते पुढच्या डब्यात जळते, आणि गाळणीतील उष्णता ५५० ते ६०० अंशांवर नेली जाते. मग काजळी पेटून तिचा वायू होतो. या क्रियेस गॅरेजमध्ये ‘रीजनरेशन’ किंवा नुसते ‘रीजन’ म्हणतात. तिला साधारण दहा ते पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ इंजिन गरम असावे लागते, गाडी चालती असावी लागते, टाकीत पुरेसे डिझेल असावे लागते आणि मध्येच चावी बंद होऊन चालत नाही.

आता आपल्या मुलखाकडे या. सकाळी गावातून निघून महाडच्या बाजारपेठेत जावे, पाच पाच मिनिटांनी थांबावे, इंजिन चालू ठेवून माल उतरावा, पुन्हा चारशे पावले जावे. दुपारी औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी रांगेत उभे राहावे. सायंकाळी मुले घेऊन शाळेतून परतावे. दिवसभरात साठ किलोमीटर झाले, पण इंजिन सलग वीस मिनिटे वेगाने चालले असे एकदाही झाले नाही. संगणक जाळण्यास आरंभ करतो आणि चालक चावी काढतो. पुन्हा आरंभ, पुन्हा भंग. असे आठ दिवस चालले की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्यावर एक नळी आणि तिच्या मधोमध ठिपके भरलेली चौकट, असे चिन्ह असते. ते पाहून पुष्कळ चालक त्यास किरकोळ समजतात, कारण गाडी त्या दिवशी उत्तम चालत असते.

गाळणी तुंबण्याचा सर्व दोष घाटाच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. हे अर्धेच खरे आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांत तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर नेतो. चढताना इंजिनावर ओझे असते, धूर तापतो आणि काजळी जळते. भरलेली पिकअप योग्य गिअरमध्ये एकसारखी चढत असेल तर घाट हा गाळणीचा मित्रच आहे. उतरताना मात्र उलट होते. गाडी स्वतःच्या भाराने उतरते, संगणक तेल जवळजवळ बंद करतो, धूर थंड पडतो आणि चालू असलेले जाळणे अर्धवट राहते. म्हणून केवळ उतरणीवरून महाडात येऊन बाजारात घुसणाऱ्या गाडीने वाटेत सपाटीवर थोडी मोकळी चाल घेणे हितावह असते. दरडींमुळे घाट बंद झाला म्हणजे पावसाळ्यात फेऱ्या आखूड होतात, आणि अशा दिवसांत गाळणीची तक्रार वाढते.

परंतु चालविण्याची पद्धत हे एकच कारण नाही. येथे आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. त्याचे गाव पोलादपूर तालुक्यात. कर्जाने पिकअप घेतली. तिचा दिवा पेटला, गाडीचा दम गेला, चढणीवर ती ओढेना. त्याने ती एका गॅरेजात नेली. तेथे यंत्र लावून गाळणी जाळून दिली, पैसे घेतले, गाडी चालू झाली. तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार. पुन्हा जाळली. तिसऱ्या वेळी त्यास सांगण्यात आले की गाळणी गेली, नवी घाला, किंवा काढून टाका. त्याच्या आईने हातातील पाटल्या काढून ठेवल्या होत्या. तेव्हा तो आमच्याकडे आला. आम्ही त्यास एकच प्रश्न विचारला: काजळी जाळली हे ठीक, पण इतकी काजळी येते कोठून, हे कोणी पाहिले काय? त्याने सांगितले, कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्र्याने ते पाहिले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपेजवळ खालच्या अंगाने फाटला होता. वरून दिसत नव्हता. इंजिन जोर घेताना तो फाकत असे आणि दाबलेली हवा बाहेर जात असे. तेल तितकेच, हवा कमी. कंदिलाची वात वर चढलेली होती, आणि आजवर सर्वजण काच पुशीत बसले होते. पाइप बदलला, मग गाळणी एकदाच जाळली, इंजिन ऑइल बदलले. त्यानंतर ती गाडी चालू आहे, आणि पाटल्या घरातच आहेत.

या हकीकतीतील मर्म नीट ध्यानात घ्यावे. जुन्या गाडीत असा बिघाड झाला तर मागून काळा धूर येई. मागच्या गाडीवाला ओरडून सांगे, वाटसरू शिव्या देई, आणि चालकास दोष कळे. नव्या गाडीत तो धूर गाळणी गिळून टाकते. सायलेन्सरचे तोंड स्वच्छ राहते, आणि चालक समजतो की इंजिन निरोगी आहे. पूर्वी जी वर्दी धूर देत असे, ती आता तुंबलेली गाळणी देते. म्हणून गाळणी तुंबली की तीच बिघडली असे समजू नये. बहुधा तिने आपले काम चोख केलेले असते, आणि वरच्या अंगाचा एखादा दोष ती सांगत असते.

आता तपासणीचा क्रम सांगतो. तरुणांनी हा लिहून घ्यावा.

पहिली पायरी चालकाची. केवळ पिवळा दिवा लागला आहे, गाडीचा जोर कायम आहे, अशा वेळी घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. टाकीत निदान पाव भाग डिझेल असावे. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्याने साधारण ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे एकसारखे चालवावे. आपल्याकडे महाड ते पोलादपूर हा महामार्गाचा अठरा-वीस किलोमीटरांचा तुकडा यास सोयीचा आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेग आणि वेळ निराळी सांगितली असेल तर ती प्रमाण मानावी. जाळणे चालू असता इंजिनाचा आवाज किंचित चढतो, पंखा जोराने फिरतो, उष्ण वास येतो. अशा वेळी घर आले तरी चावी काढू नये, एक फेरी अधिक मारावी.

दुसरी पायरी. दिवा लुकलुकू लागला, त्याच्या जोडीस इंजिनाचा दिवा लागला, किंवा गाडीने जोर सोडला, तर महामार्गावर पळविण्याचा प्रयोग करू नये. गाडी स्कॅनरवर लावावी. स्कॅनरवर जे कोड येतील ते पुसण्याआधी कागदावर उतरून घ्यावेत. पुष्कळ ठिकाणी आधी कोड पुसतात आणि मग विचार करतात. हे वैद्याने नाडी पाहण्याआधी रोग्यास घरी पाठविण्यासारखे आहे. गाळणीत काजळी किती, पुढचा व मागचा दाब यांत अंतर किती, आणि शेवटचे जाळणे किती किलोमीटरांपूर्वी झाले, हे तीन आकडे मालकाने मागून घ्यावेत. पूर्वी तीन-चारशे किलोमीटरांनी होणारे जाळणे आता शंभराच्या आत होऊ लागले असेल, तर काजळी प्रमाणाबाहेर निर्माण होत आहे असे समजावे.

तिसरी पायरी स्वस्त गोष्टींची. दाब मोजणाऱ्या सेन्सरला गाळणीच्या पुढून व मागून दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्या फाटल्या, निसटल्या किंवा चिखलाने बुजल्या तर गाळणी रिकामी असूनही भरली असे खोटे दिसते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले. अशा पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन धुतले जाते, पण या नळ्यांतील आणि धुराच्या मार्गातील गाळाकडे सहज दुर्लक्ष होते. त्यानंतर हवेचा फिल्टर पाहावा. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर भरतो. मग टर्बोचे पाइप आणि क्लिपा हात फिरवून तपासाव्या. डिझेल कोठून भरतो तेही पाहावे. रॉकेलची भेसळ स्वस्त पडते असे वाटते, पण तिची किंमत इंजेक्टर आणि गाळणी भरतात.

चौथी पायरी जाणत्या मिस्त्र्याची. इंजेक्टर गळतो काय, ईजीआरची झडप काजळीने अडकली आहे काय, थर्मोस्टॅट उघडाच राहून इंजिन कधी पुरेसे तापतच नाही काय, उष्णता मोजणारा सेन्सर खोटे सांगतो काय, हे त्याने पाहावे. इंजिन तापत नसेल तर संगणक जाळण्यास परवानगीच देत नाही, आणि पाच-सातशे रुपयांच्या थर्मोस्टॅटपायी लाखाच्या गाळणीवर आळ येतो.

पाचवी पायरी ऑइलची. जाळणे वारंवार अर्धवट राहिले की जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानू नये. ते पातळ झालेले असते आणि त्याने बेअरिंग जाऊ शकते. ते त्वरित बदलावे. दुसरे असे की गाळणीच्या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. काजळी जळते, पण राख जळत नाही. आपल्या चुलीतही लाकूड जळून जाते आणि राख उरतेच. ऑइलमधील क्षारांची ही राख गाळणीत कायमची साठते. चालू ऑइल घातल्यास ती लवकर साठते. लाखभर किंवा त्याहून अधिक किलोमीटरांनंतर गाळणी राखेने भरली, तर ती जाळून साफ होणार नाही. ती उतरवून योग्य यंत्रावर हवेने व उष्णतेने स्वच्छ करून घ्यावी लागते. रस्त्याकडेला जोराच्या पाण्याने किंवा तेजाबाने ती धुऊ नये, आणि हातोडीने ठोकू नये. पोळे एकदा तडकले की संपले.

सहावी पायरी सर्वांत शेवटची, आणि तीच लोक पहिल्याने करतात. गाडी उभी ठेवून यंत्राच्या आज्ञेने गाळणी जाळणे, हे मूळ दोष काढल्यावरच करावे. त्या वेळी सायलेन्सर अतिशय तापतो. गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ उभी करू नये. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या माळांवर वणवा लागण्यास याहून कमी विस्तव पुरतो.

काही जण गाडीत वेगळ्या टाकीत घालावयाच्या ‘युरिया’च्या पाण्यास गाळणीचे औषध समजतात. ज्या गाड्यांस ते लागते त्यांस ते नायट्रोजनचे विषारी वायू कमी करण्यासाठी लागते. काजळीशी त्याचा संबंध नाही. ते डिझेलच्या टाकीत तर चुकूनही ओतू नये.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही विशेषेकरून उभे राहिलो ती सांगतो. गाळणी कापून काढावी, पोकळ डबा बसवावा आणि संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून दिवा कायमचा विझवावा, असा सल्ला आपल्या मुलांना उघडपणे मिळतो. खर्च थोडा, त्रास संपला, असे त्यांस सांगतात. ज्याचा हप्ता थकला आहे त्याला हा सल्ला गोड वाटतो, आणि त्याच्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्याला पुढच्या गोष्टी कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीची हमी धोक्यात येते ती वेगळीच. शिवाय फाटलेला पाइप फाटलेलाच राहतो, गळका इंजेक्टर गळतच राहतो. वर्दी देणारा गेला, चोर घरातच राहिला.

आणि काजळी? ती कोठे जाते? येथे आम्ही शिक्षक या नात्याने एक साधे उदाहरण सोडवून दाखवितो. मोटारगाडीच्या जुन्या व नव्या मर्यादांत किलोमीटरमागे २०.५ मिलिग्रॅमचे अंतर आहे. गाडी दिवसाला १०० किलोमीटर चालली, तर दिवसाचे सुमारे दोन ग्रॅम झाले. वर्षातील ३०० दिवस धरले, तर ६१५ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक काजळी, एका गाडीची, एका वर्षाची. ही काही सह्याद्रीच्या माथ्यावर जात नाही. ती महाडच्या अरुंद पेठेत, पोलादपूरच्या एस. टी. स्थानकापाशी आणि शाळेच्या फाटकाशी उतरते. शाळेची गाडी चालविणारा आपला बंधू सायंकाळी ज्या मुलांना हात धरून उतरवितो, त्यांच्याच तोंडासमोर ती सोडली जाते. आम्ही छत्तीस वर्षे मुलांची हजेरी घेतली. थंडीच्या दिवसांत दम्यामुळे गैरहजर राहणारी मुले प्रत्येक वर्गात असत. त्यांची नावे आम्हांस आजही आठवतात. ज्ञातीच्या पैशाने त्यांस वह्या द्यावयाच्या आणि ज्ञातीच्या गाड्यांनी त्यांस धूर पाजावयाचा, हे आपल्या मंडळास शोभणारे नाही.

केवळ उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवितो. एक, पुढील वर्षाच्या स्मरणिकेत डॅशबोर्डवरील दिव्यांची चिन्हे आणि त्यांचा मराठी अर्थ यांचे एक पान छापावे, म्हणजे ते कापून गाडीत ठेवता येईल. ते पान तयार करण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेतो. दोन, गणेशोत्सवाच्या गर्दीपूर्वी चालक बंधूंसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग भरवावा आणि त्यात एखाद्या अनुभवी मिस्त्र्याचा सत्कार करून त्याच्याकडून प्रात्यक्षिक घ्यावे. तीन, मंडळाच्या निधीतून एक चांगला स्कॅनर घ्यावा व तो अल्प शुल्काने सभासदांस उपलब्ध करावा. निदान आकडे तरी आपल्या हाती येतील. चार, शिक्षणनिधीतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणाऱ्या एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस दरसाल साहाय्य द्यावे. आम्ही विद्यार्थिनी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कंदिलाची काच आणि वात आपल्या घरातील मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. इंजिन त्यांस परके वाटण्याचे कारण नाही.

तरुण बंधूंनो, दिवा पेटेल त्या दिवशी चिडू नका आणि पहिल्या सल्ल्याला भुलू नका. कोड लिहून घ्या, डिपस्टिक पाहा, पाइपावर हात फिरवा आणि मगच खिशाला हात घाला. पुस्तिकेतील इंग्रजी कळले नाही तर आमच्याकडे या. सकाळी नवाच्या पुढे आम्ही घरीच असतो.